जुन्या रोल-टॉप डेस्कचा कर्ता आणि मूळ ठिकाण कसे शोधावे?

शिसपेन्सिल

नमस्कार. एका बंद पडलेल्या कचेरीचे सामान निघाले, त्यात एक जुने रोल-टॉप डेस्क माझ्याकडे आले. विकणाऱ्याने ते "अस्सल लंडनचे, १८५० च्या सुमाराचे" असल्याचे छातीठोकपणे सांगितले होते. त्या वेळी मी मान डोलावली, पण पुसायला घेतल्यावर एकेक गोष्ट दिसू लागली आणि त्यांचा एकमेकींशी मेळ बसेना. म्हणून हा धागा काढते आहे.

डेस्कची रुंदी ६० इंच, म्हणजे साधारण १५२ सेंटिमीटर आहे. खाली दोन्ही बाजूंना प्रत्येकी चार खण आहेत, मध्ये पाय ठेवायची जागा आहे आणि वर अरुंद लाकडी पट्ट्यांचा सरकता पडदा आहे. हा पडदा बाजूने पाहिला असता इंग्रजी 'एस' अक्षरासारखा वळतो. दर्शनी लाकूड ओकचे आहे आणि त्यावर आडव्या चकचकीत फिती उमटल्यासारखी नक्षी दिसते. खणांच्या आतल्या बाजूच्या फळ्या मात्र वेगळ्याच, हलक्या आणि किंचित हिरवट झाक असलेल्या लाकडाच्या आहेत.

पडद्याच्या पितळी कुलपावर 'ईगल लॉक कंपनी, टेरीव्हिल, कनेक्टिकट' असे कोरलेले आहे. मधल्या उथळ खणात कागदी चिठ्ठी चिकटवलेली असून तिचा डावा भाग फाटला आहे. जे उरले आहे त्यात '…अँड सन्स', त्याखाली 'ऑफिस फर्निचर' आणि शेवटी 'लंडन, ई. सी.' एवढे वाचता येते. मागच्या बाजूला एक लोखंडी खटका आहे. त्यावर 'पेटंट, मार्च ५, १८८' एवढे स्पष्ट आहे, पण शेवटचा अंक झिजला आहे. भिंगातून तो मला कधी ३, कधी ८, तर कधी ९ वाटतो.

मग हे डेस्क ईगल कंपनीने बनवले, की त्या लंडनच्या 'अँड सन्स'ने? आणि १८५० चे काय?

कुलूपकिल्ली

कुलपापासून सुरुवात करतो, कारण नवख्या माणसाची पहिली चूक बहुधा तिथेच होते. ईगल ही कुलपे बनवणारी कंपनी होती, डेस्क बनवणारी नव्हे. टेरीव्हिलची ही कंपनी १८५४ साली स्थापन झाली आणि पेट्या, कपाटे, खण यांची कुलपे ती घाऊक प्रमाणात इतर कारखान्यांना पुरवत असे. अशीच कुलपे न्यू ब्रिटन येथील कॉर्बिन कॅबिनेट लॉक कंपनी आणि स्टॅमफर्डची येल अँड टाऊन याही बनवत. या तिन्ही कंपन्या कनेक्टिकट या एकाच राज्यातल्या. तुमच्या डेस्कवर अमेरिकी कुलूप आहे, एवढेच सध्या म्हणता येईल. डेस्क कोणी घडवले याबद्दल कुलूप गप्प आहे.

तरीही कुलपावरचे नाव निरुपयोगी नसते. कंपन्यांची नावे बदलत गेली आणि तो बदल कधी झाला हे माहीत असेल, तर तारखेची एक कड हाती लागते. उदाहरणार्थ, 'येल अँड टाऊन' हे नाव १८८३ पासूनचे आहे, तेव्हा ते कोरलेले कुलूप त्याआधीचे असू शकत नाही. तुमच्या ईगलच्या बाबतीत कड १८५४ चीच मिळते आणि तिचा फारसा उपयोग नाही.

त्याआधी एक गोष्ट तपासा. कुलूप मूळचेच आहे का? ते काढून खालची खोबण पाहा. खोबण कुलपाच्या आकाराला तंतोतंत बसते का, आजूबाजूला बुजवलेली जुनी स्क्रूची छिद्रे आहेत का, आणि कुलपाखालच्या लाकडाचा रंग आसपासच्या लाकडापेक्षा फिका राहिला आहे का, या तीन गोष्टी पाहिल्या की कुलूप नंतर बदलले असल्यास सहसा लपत नाही.

लाकूडवेडा

छान धागा. खणांच्या सांध्यांबद्दल आपण काहीच लिहिले नाही. एक खण पूर्ण बाहेर काढून, जिथे समोरची फळी आणि बाजूची फळी जुळते तो कोपरा बाजूने पाहा आणि काय दिसते ते जसेच्या तसे लिहा. माझ्या दृष्टीने चिठ्ठी आणि कुलूप या दोहोंपेक्षा तो कोपरा अधिक विश्वासाचा आहे, कारण चिठ्ठी कोणीही चिकटवू शकतो आणि कुलूप कोणीही बदलू शकतो, पण आठ खणांचे सोळा कोपरे बदलण्याच्या फंदात कोणी पडत नाही.

लाकडाबद्दल दोन शब्द. आपल्याला फितींसारखी जी नक्षी दिसते आहे, ती ओकचा ओंडका उभा चार भागांत चिरून, फळी गाभ्याकडून सालीकडे जाईल अशी कापल्याने उमटते. ओकमध्ये गाभ्यापासून बाहेर जाणारे किरण रुंद असतात आणि या कापात ते आडवे उघडे पडतात. अशा फळ्या कमी वाकतात. लाकूड थोडे वाया जाते, पण मोठ्या पृष्ठभागासाठी कारखाने ते सोसत. ही नक्षी अमेरिकेतही दिसते आणि इंग्लंडमध्येही. अमेरिकी पांढरा ओक आणि युरोपी ओक हे तर सूक्ष्मदर्शकाखालीही वेगळे ओळखणे अवघड जाते. म्हणून दर्शनी ओकवरून देश ठरवू नये.

देश ठरवायचा तो आतल्या, लोकांच्या नजरेस न पडणाऱ्या लाकडावरून. कारखानदार तिथे जवळपास मिळणारे स्वस्त लाकूड वापरतो. आपण 'हलके आणि हिरवट' असे जे वर्णन केले आहे, ते वाचताच मला ट्यूलिप पॉप्लर आठवले. हे झाड पूर्व अमेरिकेत मुबलक आहे. त्याचा गाभा ताजा असताना पिवळट-हिरवा असतो आणि वर्षानुवर्षे हवा-उजेड लागून तपकिरी होत जातो. खणाच्या फळीचा जो भाग नेहमी अंधारात राहिला आहे, तिथे हिरवट झाक जास्त असेल. नुसत्या रंगावर माझाही पूर्ण भरवसा नाही, हे मात्र सांगून ठेवतो. खात्री करायची तर लपलेल्या जागेतून काडीएवढा तुकडा काढून लाकूडतज्ज्ञाकडून तपासून घ्यावा लागेल.

दप्तरदार

१८५० चा दावा आपल्या चिठ्ठीनेच निकालात काढला आहे. लंडनचे 'ई. सी.' यांसारखे टपाल विभाग १८५७-५८ मध्ये अस्तित्वात आले, तेव्हा १८५० च्या चिठ्ठीवर ते असण्याची शक्यताच नाही. दुसरी बाजू अशी की १९१७ मध्ये या विभागांना पुढे अंक जोडले गेले. 'ई. सी.' नंतर अंक नसल्याने ही चिठ्ठी बहुधा १९१७ च्या आधी छापलेली असावी. बहुधा अशासाठी की जुनी छापील चिठ्ठी संपेपर्यंत दुकानदार ती वापरतच असणार.

शिवाय चिठ्ठीत 'ऑफिस फर्निचर' आहे, कर्ता असल्याचा कोणताही शब्द नाही. माझ्या मते हा विक्रेता आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकी डेस्क लंडनमध्ये आयात होऊन विकली जात. स्थानिक कारखान्यांनीही पुढे त्याच घाटाची डेस्क बनवायला घेतली, टॉटनहॅमचा हॅरिस लेबस हा त्यांतला मोठा कारखाना. म्हणजे लंडनची चिठ्ठी असलेले रोल-टॉप दोन्हीकडचे असू शकते.

आता तो झिजलेला अंक. यासाठी भिंगापेक्षा पंचांग उपयोगी पडेल! अमेरिकी पेटंटे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मंगळवारी दिली जातात. पडताळा हवा असेल तर इंडियानापोलिसच्या वूटन यांच्या प्रसिद्ध डेस्कचे पेटंट पाहा, ते ६ ऑक्टोबर १८७४ चे आहे आणि त्या दिवशी मंगळवारच होता. आता ५ मार्च हा दिवस १८८३ साली कोणत्या वारी आला, १८८८ साली कोणत्या आणि १८८९ साली कोणत्या, हे आपणच काढून पाहा. उत्तर मी सांगत नाही.

सहजवाचक

मंगळवारची युक्ती फारच आवडली. एक शंका आहे. पेटंटची तारीख म्हणजे वस्तू बनल्याची तारीख का?

दप्तरदार

मुळीच नाही, आणि हा गोंधळ इतक्या वेळा होतो की बरे झाले विचारलेत. पेटंट मिळाल्यानंतर कारखाना तोच खटका पुढची दहा-पंधरा वर्षे त्याच साच्यातून ओतत राहू शकतो. तारीख सांगते ती एवढेच, की वस्तू त्या दिवसानंतरची आहे. अलीकडची कड तिच्यातून मिळत नाही. ती दुसरीकडून आणावी लागते. १९२७ च्या कायदाबदलानंतर अमेरिकेत वस्तूवर तारखेऐवजी पेटंटचा क्रमांक घालणे आवश्यक झाले, म्हणून नुसती तारीख असलेला खटका साधारणपणे त्याआधीचा मानता येतो. पण ही कड फार सैल आहे. सांध्यांमधून याहून चांगली मिळेल असे वाटते.

शिसपेन्सिल

सर्वांचे आभार. आज सकाळपासून डेस्कच्या मागे आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

वार काढले. ५ मार्च १८८३ ला सोमवार, १८८८ लाही सोमवार, आणि १८८९ ला मंगळवार! खात्रीसाठी दशकातली उरलेली वर्षेही पाहिली. पूर्ण १८८० च्या दशकात ५ मार्चला मंगळवार फक्त १८८९ मध्ये येतो. महिनाभर भिंग लावून जे जमले नाही ते दहा मिनिटांत जमले.

कुलूप काढले. खोबण अगदी नेमकी आहे, जादा छिद्र एकही नाही आणि खालचे लाकूड फिके, जवळजवळ कोरे आहे. म्हणजे कुलूप मूळचे आहे असे धरते.

आता खणाचा कोपरा. मला वाटले होते की तिथे नेहमीचा, कबुतराच्या शेपटीच्या आकाराचा डव्हटेल सांधा असेल. तसा तो नाही. बाजूच्या फळीच्या टोकाला एकाखाली एक अशा अर्धचंद्राच्या कमानी कापलेल्या आहेत आणि प्रत्येक कमानीच्या मध्यभागी गोल खुंटी आहे. एका खणाला अशा पाच कमानी मोजल्या. खुंट्यांचे गोल इतके सारखे आहेत की एकावर एक ठेवले तर फरक कळू नये. मी हे आधीही पाहिले होते, पण कोणीतरी दुरुस्ती करताना खुंट्या ठोकल्या असतील असे समजून लिहिले नव्हते. आठही मोठ्या खणांना हाच सांधा आहे, मधल्या उथळ खणाला मात्र साधी खाच आणि खिळे आहेत.

आणखी एक. वरच्या छोट्या कप्प्यांपैकी एका दाराच्या मुठीला फुलीच्या खाचेचा स्क्रू आहे. हे पाहून जीव थोडा खट्टू झाला.

लाकूडवेडा

खुंट्या ठोकल्या म्हणून सोडून दिलेत, आणि तीच या डेस्कची सर्वांत बोलकी खूण निघाली!

याला नॅप सांधा म्हणतात. विस्कॉन्सिनमधील वॉटरलू येथील चार्ल्स नॅप यांनी १८६७ साली त्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि १८७० च्या दशकाच्या आरंभी मॅसॅच्युसेट्समधील नॉर्दॅम्प्टन येथून सुधारलेली यंत्रे कारखान्यांत जाऊ लागली. हाताने डव्हटेल कापणाऱ्या कारागिराला दिवसभरात जितके खण जमत, त्याच्या कितीतरी पट खण हे यंत्र काढत असे. यंत्राने पारंपरिक आकाराचे डव्हटेल कापणे सोपे झाले आणि जुन्या धाटणीच्या फर्निचरची आवड पुन्हा आली, तेव्हा हा यंत्राचा ठसा उघडपणे मिरवणारा सांधा मागे पडला. १९०० च्या सुमारास तो जवळजवळ वापरातून गेला होता. आणि मुख्य म्हणजे तो उत्तर अमेरिकेतला सांधा आहे.

आता तिन्ही गोष्टी एकत्र ठेवा. हिरवट पॉप्लर, अमेरिकी कुलूप आणि नॅप सांधा या तिघांचे बोट एकाच दिशेला आहे. लंडनची चिठ्ठी त्यांच्या विरोधात नाही, ती प्रवासाचा पुढचा टप्पा सांगते. काळाच्या बाबतीत खटका म्हणतो मार्च १८८९ नंतर, आणि सांधा म्हणतो १९०० च्या फार पुढे नाही. जेमतेम दहा-बारा वर्षांचा पट्टा उरला. कागदपत्र हाती नसताना इतका अरुंद पट्टा क्वचित मिळतो.

मधल्या खणाला वेगळा सांधा असण्यात संशयास्पद काही नाही. उथळ खणात एकदीड कमानीचीच जागा असते, तिथे कारखाने काटकसर करत.

फुलीच्या स्क्रूने खट्टू होऊ नका. तो फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर बाजारात आला, तेव्हा एवढे निश्चित की ती मूठ त्यानंतर कोणीतरी पुन्हा बसवली. असे स्क्रू सगळीकडे, लपलेल्या जागीही असते आणि पाठीला प्लायवुड व स्टेपलच्या पिना असत्या, तर ही अलीकडची नक्कल आहे असे मी म्हटले असते. एका स्क्रूने डेस्क नवे होत नाही.

सहजवाचक

मग कर्ता कटलरच असणार की! रोल-टॉप म्हटले की बफेलोचे कटलर.

दप्तरदार

घाई नको. अॅबनर कटलर यांनी १८८२ साली बफेलोहून रोल-टॉपच्या रचनेचे पेटंट घेतले हे खरे, आणि त्यामुळे विकणारे प्रत्येक बेनामी डेस्कवर त्यांचे नाव डकवतात हेही तितकेच खरे. पण १८९० च्या दशकात ही डेस्क बनवणारे कितीतरी कारखाने होते. बॉस्टनला डर्बी होते, सिनसिनाटीला ग्लोब, आणि मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स तर १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनानंतर फर्निचरचे शहर म्हणूनच ओळखले जाऊ लागले, तिथले गन हेही याच धंद्यात होते. ज्यांची नावे कोणाला आठवत नाहीत असे छोटे कारखाने वेगळेच. टपालाने माल विकणाऱ्या सीअर्ससारख्या कंपन्या इतरांकडून बनवून घेतलेली डेस्क आपल्या सूचीतून विकत, आणि त्यांवर कर्त्याचे नाव सापडणे दुरापास्त.

सरकत्या झाकणाची कल्पनाही कटलर यांच्यापासून सुरू होत नाही. फ्रान्सच्या पंधराव्या लुईसाठी ओबेन यांनी १७६० साली सुरू केलेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर रीझनर यांनी १७६९ मध्ये पूर्ण केलेले व्हर्सायचे प्रसिद्ध मेज वळणदार झाकणाचेच आहे. ते झाकण मात्र अखंड आहे, पट्ट्यांचे नव्हे. अमेरिकेत जे झाले ते असे की हा राजेशाही प्रकार कचेरीतल्या कारकुनापर्यंत पोचला.

तेव्हा सध्या 'कटलर' लिहू नका, पेन्सिलीनेही नाही.

कुलूपकिल्ली

सहमत. कर्त्याचे नाव खरोखर कुठे सापडते ते सांगतो. पडदा अर्धा खाली ओढून त्याच्या आतल्या बाजूची वरची कड, मधल्या खणाचा तळ आणि त्या खणाच्या वरची आडवी पट्टी, दोन्ही बाजूंच्या पेट्यांच्या पाठी, आणि लिहिण्याची फळी उचलता येत असल्यास तिचा तळ, या जागा बॅटरीचा उजेड तिरका पाडून पाहा. सरळ उजेडात ठसे दिसत नाहीत, तिरक्या उजेडात लाकडात दबलेल्या अक्षरांच्या कडा सावली टाकतात. शाईचा शिक्का, जळता ठसा, खडूचे आकडे, काहीही असू शकते. पाण्याचा किंवा पॉलिशचा बोळा मात्र अजिबात फिरवू नका. शंभर वर्षांचा खडू एका पुसण्यात जातो.

खटक्याचे कामही जाता जाता पाहून घ्या. पडदा पूर्ण खाली आला की त्याची खालची दांडी एका बोंडावर टेकते, बोंड दबते, मागच्या बाजूची उभी लोखंडी पट्टी सरकते आणि त्या बाजूचे सगळे खण एकदम अडकतात. या पट्ट्यांची रचना कारखान्यागणिक वेगळी असे, म्हणून तिचे छायाचित्र नंतर तुलनेला उपयोगी पडेल.

शिसपेन्सिल

सापडले, पण नाव नाही.

दोन्ही पेट्यांच्या पाठीवर आणि लिहिण्याच्या फळीच्या तळाला काळ्या शाईच्या साच्याने '४१७' आणि थोडे खाली '६०' असे उमटवलेले आहे. तिन्ही ठिकाणी अक्षरांची धाटणी एकच आहे. उजव्या पेटीच्या पाठीवर निळ्या खडूने तिरप्या अक्षरांत 'लंडन, व्हाया न्यूयॉर्क' असे लिहिले आहे. हे वाचले तेव्हा मी जमिनीवर पालथी पडून, गालाला धूळ लागलेल्या अवस्थेत होते, आणि दोन मिनिटे तशीच पडून राहिले. कोणीतरी घाईघाईत लिहिलेले ते शब्द आहेत. 'व्हाया'चे शेवटचे अक्षर फळीच्या फटीत घसरले आहे.

म्हणजे हे न्यूयॉर्कचे म्हणायचे का?

लाकूडवेडा

अभिनंदन! पण न्यूयॉर्क हे बंदर झाले. बफेलो, ग्रँड रॅपिड्स, सिनसिनाटी ही सगळी आतल्या भागातली शहरे, तिथला परदेशी जाणारा माल कोणत्या ना कोणत्या बंदरातूनच जाणार. 'व्हाया' हा शब्दच सांगतो की माल न्यूयॉर्कचा नव्हता, न्यूयॉर्कवरून गेला होता. बॉस्टनच्या कारखान्याला स्वतःचे बंदर असताना न्यूयॉर्कवरून माल पाठवण्याचे कारण कमी, एवढा झुकता तर्क करता येईल, पण तो पुरावा नव्हे.

त्या आकड्यांनी मात्र एक मोठी चिंता मिटवली. जुन्या डेस्कांमध्ये एका डेस्कचा वरचा भाग आणि दुसऱ्याच्या पेट्या जोडून विकण्याची चाल आहे. तिन्ही भागांवर एकाच साच्याचा एकच आकडा असल्याने आपल्या डेस्कचे हे भाग मुळापासून एकत्र आहेत.

दप्तरदार

'६०' म्हणजे इंचांतली रुंदी हे उघड आहे, आपण मोजलेली तीच भरते. तसे असेल तर '४१७' हा सूचीतला क्रमांक असण्याची शक्यता चांगली आहे, कारण कारखान्यांच्या सूचीत एकाच घाटाची डेस्क तीन-चार रुंदींत दिलेली असत आणि क्रमांकाशेजारी रुंदी छापलेली असे. तो खेपेचा आकडाही असू शकतो, हे लक्षात असू द्यावे.

आता काम कंटाळवाणे पण सरळ आहे. स्मिथसोनियनच्या ग्रंथालयात व्यापारी सूचींचा मोठा संग्रह आहे, डेलावेअरच्या विंटरथर ग्रंथालयातही आहे, आणि इंटरनेट आर्काइव्हवर कित्येक सूची पानन् पान पाहता येतात. १८८९ ते १९०० च्या दरम्यानच्या कचेरी फर्निचरच्या सूची काढाव्यात आणि ४१७ शोधावा. क्रमांक जुळला म्हणून थांबू नये, कारण दोन कारखान्यांचा एकच क्रमांक असू शकतो. बाजूच्या चौकटींची संख्या, आतल्या कप्प्यांची मांडणी, मुठींचे कोरीव काम आणि तळाची पट्टी या चार गोष्टी चित्राशी ताडून पाहाव्यात. सूचीतले चित्र कोरीव ठशावरून छापलेले असते आणि तोच ठसा विक्रेतेही आपल्या सूचीत वापरत, म्हणून चित्र कोणाच्या सूचीत आहे यापेक्षा मूळ कारखान्याच्या सूचीत आहे का, हे महत्त्वाचे.

दुसरी वाट खटक्याची. अमेरिकी पेटंट कार्यालयाचे साप्ताहिक राजपत्र १८७२ पासून निघते. ५ मार्च १८८९ च्या अंकात त्या दिवशीची सगळी पेटंटे सापडतील. डेस्कच्या खटक्याचे पेटंट मिळाले की ते कोणाच्या नावे केले होते तेही तिथे असते. ते एखाद्या डेस्क कारखान्याच्या नावे असेल, तर तुमचा शोध एका फटक्यात पुढे जाईल. एखाद्या लोहार-कारागिराच्या नावे असेल, तर खटका अनेकांना विकला गेला असे समजून पुन्हा सूचींकडे वळावे लागेल.

लंडनच्या बाजूने, फाटक्या नावाचा शेवट आणि 'ई. सी.' हे धरून त्या काळच्या वार्षिक व्यापारी निर्देशिका चाळता येतील. इंग्लंडच्या अनेक जुन्या निर्देशिका लेस्टर विद्यापीठाने महाजालावर ठेवल्या आहेत. मात्र 'अँड सन्स' नावाचे दुकानदार लंडनमध्ये किती असतील याची कल्पना करा, आणि ही वाट शेवटी ठेवा.

शिसपेन्सिल

राजपत्राचा अंक उतरवून घेतला आहे आणि चाळायला सुरुवात केली आहे. तोवर खणात ठेवायला एक कार्ड लिहिले आहे, कुठे घसरले असेन तर सांगावे:

"उत्तर अमेरिकेत बनलेले, ५ मार्च १८८९ नंतर आणि बहुधा १९०० च्या सुमारापर्यंत. न्यूयॉर्कमार्गे लंडनला पाठवले. लंडनच्या ई. सी. विभागातील विक्रेत्याची चिठ्ठी, बहुधा १९१७ पूर्वीची. क्रमांक ४१७, रुंदी ६० इंच. एका दाराची मूठ नंतर बसवलेली. कर्ता:"

कर्त्यापुढे जागा कोरी सोडली आहे.

एक शेवटचा प्रश्न. पडद्याच्या पाठीचा कॅनव्हास दोन ठिकाणी सुटला आहे आणि पट्ट्या एकमेकींपासून विलग होत आहेत. तो काढून नवा लावावा म्हणते. चालेल का?

लाकूडवेडा

कार्डात 'आतले लाकूड ट्यूलिप पॉप्लर असावे, तपासणी बाकी' एवढे घाला.

कॅनव्हास लावायला हरकत नाही, पण जुना काढण्याआधी त्याची पूर्ण लांबी उजेड तिरका पाडून पाहा, कापड गिरणीचा शिक्का कधी कधी तिथेच असतो. पट्ट्यांना मागून एक ते शेवटपर्यंत पेन्सिलीने आकडे घाला, कारण प्रत्येक पट्टी आपापल्या जागी झिजलेली असते आणि क्रम चुकला तर पडदा खाचेत अडकतो. जुना गोंद सरस असणार, तो किंचित ऊब आणि ओल दिली की सुटतो. नवा कॅनव्हासही सरसानेच लावा, म्हणजे पुढच्या माणसाला तो पुन्हा सोडवता येईल. आणि काढलेले जुने कापड फेकू नका. घडी न घालता गुंडाळून, कार्डासोबत त्याच खणात ठेवा.